अलगोलचं वजन ठरायला दोनशे वर्षं का लागली

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास ययाती तारकासमूह आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर येतो, किंचित उत्तरेला. एका अंगाला देवयानी, दुसऱ्या अंगाला शर्मिष्ठा. ही मराठी नावं ज्यानं कुणी बसवली, त्यानं ययातीला आकाशातही संसारातून सुटका दिलेली नाही. या ययातीतला दुसऱ्या क्रमांकाचा तारा म्हणजे अलगोल. एरवी तो देवयानीच्या टोकावरच्या अलमाकइतका, म्हणजे साधारण २.१ प्रतीचा दिसतो. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो. पाच तास उतरतो, पाच तास चढतो. तळाशी असताना जेमतेम ३.४ प्रतीचा, म्हणजे शेजारच्या त्रिकोण समूहातल्या आल्फाच्या बरोबरीचा उरतो. प्रतीचा आकडा वाढला की तेज घटतं, हे ज्यांनी आकाश पाहिलंय त्यांना माहीत आहेच. १.३ प्रतींचा हा फरक म्हणजे शंभरातले सत्तर भाग प्रकाश गायब.

वांगणीच्या माळावर मी हे पहिल्यांदा मोजायला बसलो तेव्हा तुलनेसाठी अलगोलला अगदी खेटून असलेला ऱ्हो हा तारा घेतला होता. जवळचा म्हणून सोयीचा. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी जुळेनात. मग कळलं की ऱ्हो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, आहे. वजनमापंच रोज बदलत असेल तर मालाचं वजन काय लागणार! तेव्हापासून अलमाक, ययातीतले एप्सिलॉन आणि कप्पा, आणि त्रिकोणातला आल्फा, एवढेच धरतो.

हा प्रसंग सांगायचं कारण असं की अलगोलच्या मोजमापाची मोठी गोष्टही थोडीफार अशीच आहे. ग्रहणकारी युग्मतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकणारे जोडतारे, हा ताऱ्यांचं वस्तुमान, त्रिज्या, तापमान मोजायचा सर्वांत भरवशाचा मार्ग, असं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं, आणि ते खरंच आहे. उदाहरण म्हणून बहुधा अलगोलच दिला जातो, कारण मंदावण्यामागचं कारण कळलेला पहिला ग्रहणकारी तारा तोच. पण या पहिल्याच ताऱ्यानं शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षं हुलकावणी दिली. कुठे दिली, ते आकड्यांनिशी पाहण्यासारखं आहे.

यॉर्कचा मुलगा

१७८२ साली इंग्लंडमधल्या यॉर्क गावी जॉन गुडरिक नावाचा अठरा वर्षांचा मुलगा अलगोलकडे लक्ष ठेवून होता. त्याला ऐकू येत नसे. शेजारी राहणारा एडवर्ड पिगॉट हा त्याचा आकाशातला जोडीदार. १२ नोव्हेंबरच्या रात्री अलगोल भलताच मंद दिसला, आणि त्यानंतर गुडरिकनं तो सोडलाच नाही. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचा लेख वाचला गेला: ताऱ्याचा फेरा दोन दिवस पावणेएकवीस तासांचा आहे, कारण एक तर ताऱ्याभोवती फिरणारं काळसर पिंड, किंवा ताऱ्याच्या अंगावरचा मोठा डाग. नुसत्या डोळ्यांनी, दुर्बीण न लावता काढलेला हा आवर्तकाळ आजच्या आकड्याच्या चार मिनिटं अलीकडे आहे. त्याच वर्षी त्याला कॉप्ली पदक मिळालं. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो गेला.

गुडरिकच्या हाती जे होतं ते फक्त घड्याळ. ग्रहण कधी लागतं आणि किती वेळ टिकतं. एवढ्यावरून आकार कळतात, पण ते प्रमाणात. कसे, ते हिशेबानं पाहू. फेरा ६८.८ तासांचा, ग्रहण ९.७ तासांचं. म्हणजे कक्षेच्या ३६० अंशांपैकी सुमारे ५१ अंश दोन्ही तारे एकमेकांवर चढलेले असतात. कक्षा आपल्याला अगदी कडेनं दिसते असं धरलं, तर दोघांच्या त्रिज्यांची बेरीज त्यांच्यातल्या अंतराच्या ०.४३ पट निघते. बेरीज, तीही अंतराच्या पटीत. अंतर किती किलोमीटर, ते ग्रहण कधीच सांगत नाही. दिव्यासमोरून लिंबू गेलं की कलिंगड, हे सावलीवरून कळत नाही, तसंच.

फोगलनं धरलेली एक गोष्ट

किलोमीटर आले ते वर्णपटातून. १८८९ मध्ये जर्मनीत पॉट्सडामला हेरमान फोगलनं अलगोलच्या वर्णपटाचे फोटो घेतले आणि ताऱ्याच्या वेगामुळे होणारी रेषांची सरक मोजली. ग्रहणाआधी तारा आपल्यापासून दूर चाललेला, ग्रहणानंतर जवळ येणारा. म्हणजे डाग नव्हे, जोडीदारच. गुडरिकचा पहिला तर्क सिद्ध झाला. तेजस्वी ताऱ्याचा कक्षीय वेग फोगलला सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर मिळाला. आजचा आकडा ४४ आहे. १८८९ च्या फोटोच्या काचेवरून हे काढणं म्हणजे कमालच.

मग त्यानं पुढचं गणित मांडलं: तेजस्वी ताऱ्याचा व्यास १७ लाख किलोमीटर, जोडीदाराचा १३.३ लाख, दोघांतलं अंतर सुमारे ५२ लाख. वस्तुमानं सूर्याच्या ४/९ आणि २/९.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि थोडंथोडकं नाही. आज अलगोलच्या तेजस्वी ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साडेतीनपटींच्या आसपास धरतात. म्हणजे फोगलची चूक आठपटींची. वेग त्यानं बरोबर मोजला होता, आवर्तकाळ बरोबर होता, भूमितीही बरीचशी ठीक होती. मग घोडं अडलं कुठे?

जोडीदाराचा वेग त्याच्याकडे नव्हता. जोडीदाराच्या रेषा वर्णपटात दिसतच नव्हत्या. तराजूचं एकच पारडं हातात. म्हणून त्यानं दोन्ही ताऱ्यांची घनता सारखी असेल असं धरलं. व्यासांचं प्रमाण १७ ला १३.३, त्याचा घन केला की वस्तुमानांचं प्रमाण सुमारे २ ला १. त्या काळी हे धरण्यात काही वावगं नव्हतं. तारे आतून कसे असतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एका ताऱ्याचा वेग आणि आवर्तकाळ हाती असला की गणितातून एकच संख्या मिळते: जोडीदाराच्या वस्तुमानाचा घन भागिले एकूण वस्तुमानाचा वर्ग. तिला वस्तुमान-फलन म्हणतात. वेग ४४ धरला तर अलगोलसाठी ती सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.०२५ पट येते. आता यात फोगलची जोडी घालून बघा: ०.२२ चा घन ०.०१०६, एकूण ०.६६, त्याचा वर्ग ०.४३६, भागाकार ०.०२४. जुळलं. आता आजच्यासारखी जोडी घाला, ३.७ आणि ०.८१: घन ०.५३, एकूण ४.५१, वर्ग २०.३, भागाकार ०.०२६, आणि कक्षा अगदी कडेनं न दिसता जराशी कललेली आहे, त्या कलाची दुरुस्ती केली की ०.०२५. हेही जुळलं! निरीक्षण एकच, आणि त्यात सूर्याच्या निम्म्याहून हलका ताराही बसतो आणि चौपटीच्या आसपासचाही. दोन अज्ञातं, समीकरण एक. शाळेत बाईंनी सांगितलेलंच.

अभ्यासाला बसलेल्या कुणालाही मी हा भाग आधी करायला सांगतो. उत्तर कुठल्या गृहीतावर उभं आहे ते यात डोळ्यांसमोर दिसतं.

बर्फात ठेवलेला सेलेनियमचा तुकडा

मधल्या काळात प्रकाशाची बाजू पक्की होत गेली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जोएल स्टेबिन्सनं ताऱ्याचा प्रकाश डोळ्यांऐवजी सेलेनियमच्या विद्युत सेलनं मोजायला सुरुवात केली. सेल लहरी, गार ठेवला तर जरा ताळ्यावर राही, म्हणून तो बर्फात ठेवत. १९१० मध्ये त्यानं दाखवलं की दोन मोठ्या ग्रहणांच्या बरोबर मध्ये, अर्ध्या फेऱ्यानंतर, अलगोल आणखी एकदा मंदावतो, अवघ्या ०.०६ प्रतीनं. डोळ्यांना हा फरक कदापि दिसणार नाही.

या टीचभर खड्ड्यानं बरंच काही सांगितलं. ‘काळसर पिंड’ काळं नाही, स्वतः प्रकाशतं. ते तेजस्वी ताऱ्याच्या मागे जातं तेव्हा त्याचा प्रकाश अडतो. कक्षा गोल असेल तर दोन्ही ग्रहणांत झाकली जाणारी चकती सारख्याच क्षेत्रफळाची असते. म्हणून दोन खड्ड्यांच्या खोलीचं प्रमाण म्हणजे दोन पृष्ठभागांच्या झळाळीचं प्रमाण, आणि झळाळीवरून तापमान. सत्तर टक्क्यांसमोर पाच-साडेपाच टक्के: एकाचा पृष्ठभाग दुसऱ्याच्या तेरा-चौदापट झळाळता. मात्र इथेही सरळ भागाकारावर विसंबून चालत नाही. दुय्यम ग्रहणाच्या वेळी थंड ताऱ्याची जी बाजू आपल्याकडे असते, तीच गरम ताऱ्याच्या उन्हात भाजलेली असते. ती तिच्या मूळ तापमानाहून उजळ दिसते. ही भर वजा केली की तफावत आणखी वाढते. आज गरम ताऱ्याचं तापमान १३ हजार केल्विनच्या आसपास धरतात, थंड ताऱ्याचं साडेचार हजारांच्या.

प्रकाशवक्राचा, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखाचा, तळ सपाट नाही, टोकदार आहे. म्हणजे ग्रहण खंडग्रास. खग्रास असतं तर तळाच्या सपाटीवरून दोन्ही त्रिज्या सरळ वेगळ्या काढता आल्या असत्या. खंडग्रासात मोठा जोडीदार तिरका गेला की छोटा जरा मधून गेला, यांचे वक्र एकमेकांसारखे दिसतात. वक्राचे उतार, दुय्यम खड्डा आणि ग्रहणांच्या मधला हलका फुगवटा एकत्र जुळवून शेवटी कक्षेचा कल सुमारे ८१-८२ अंश (९० म्हणजे अगदी कडेनं) आणि त्रिज्या अंतराच्या ०.२ आणि ०.२५ पट ठरतात. लक्षात घ्या, थंड तारा मोठा आहे. फोगलनं उलट धरलं होतं.

सोडियमच्या दोन रेषा

आता राहिलं दुसरं पारडं. थंड ताऱ्याचा प्रकाश एकूण प्रकाशात इतका थोडा की त्याच्या रेषा गरम ताऱ्याच्या लखलखाटात बुडून जात. भरीस भर म्हणून जोडीत तिसरा ताराही आहे. पहिल्या दोघांभोवती ६८० दिवसांत फिरणारा, मधल्या तापमानाचा. त्याचा पत्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागला, कारण जोडीचा सरासरी वेगच हळूहळू मागेपुढे होताना दिसला. त्याच्या रेषा मध्येच घोटाळा करतात, आणि ग्रहण न होणारा त्याचा प्रकाश वक्राचे दोन्ही खड्डे उथळ करतो. तो वजा न करता त्रिज्या काढल्या तर त्या हमखास चुकतात. माझ्या ऱ्हो ताऱ्यासारखंच हे, फक्त मोठ्या मापावर.

१९७८ मध्ये टेक्सासमधल्या जॉसेलिन टॉमकिन आणि डेव्हिड लॅम्बर्ट यांनी वाट काढली. त्यांनी सोडियमच्या पिवळ्या डी-रेषा निवडल्या, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा जो रंग असे तोच. निवड मोठी धूर्त आहे. १३ हजार केल्विनच्या ताऱ्यात सोडियमचे अणू आपला इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, तिथे या रेषा नावापुरत्या. साडेचार हजारांच्या ताऱ्यात मात्र त्या ठसठशीत. गोंगाटात आवाज ओळखायचा असेल तर जो सूर फक्त त्याच माणसाचा, तो पकडावा, तसं. फोटोच्या काचेऐवजी त्यांच्याकडे रेटिकॉन हा इलेक्ट्रॉनिक संवेदक होता, त्यामुळे तेजस्वी पार्श्वभूमीवरची बारीक खाच विश्वासानं मोजता आली.

५८९० अँगस्ट्रॉमजवळची (अँगस्ट्रॉम हे प्रकाशलहरीची लांबी मोजायचं एकक) ती रेषा फेऱ्याच्या एका टोकाला सुमारे ४ अँगस्ट्रॉम लालकडे आणि दुसऱ्या टोकाला तेवढीच निळ्याकडे सरकत होती. वेग निघाला सेकंदाला २०१ किलोमीटर, फार तर सहा किलोमीटर इकडेतिकडे. गरम ताऱ्याचा ४४.

एवढं मिळालं की बाकी सगळं पाठकोऱ्या कागदावर होण्याजोगं होतं. वस्तुमानं वेगांच्या उलट प्रमाणात: २०१ भागिले ४४, म्हणजे ४.६. दोन्ही वेगांची बेरीज २४५. फेरा २,४७,७३५ सेकंदांचा. वेग गुणिले काळ म्हणजे परीघ, त्याला २ पायनं भागा: ९६ लाख ६० हजार किलोमीटर. कलाची दुरुस्ती करून ९७ लाख ७० हजार. हे झालं दोन ताऱ्यांतलं अंतर, फोगलच्या ५२ लाखांच्या जवळपास दुप्पट. अंतर आणि काळ केप्लरच्या नियमात घातले की एकूण वस्तुमान ४.५ सूर्य, वाटणी ३.७ आणि ०.८१. त्रिज्यांचे ०.२ आणि ०.२५ या अंतरानं गुणले की २.८ आणि ३.५ सूर्य-त्रिज्या. एका बैठकीत होणारं काम, पण फोगलनंतर त्यासाठी ८९ वर्षं वाट पाहावी लागली, ती केवळ एका रेषेसाठी.

पडताळा घ्यायला आणखी एक वाट आहे. जोडीत प्रत्येक ताऱ्याच्या गुरुत्वाची एक हद्द असते. तारा फुगून ती ओलांडू लागला की माल पलीकडच्याच्या ताब्यात जातो. हद्दीचा आकार फक्त वस्तुमानांच्या प्रमाणावर ठरतो. ४.६ ला १ या प्रमाणात हलक्या ताऱ्याची हद्द अंतराच्या ०.२६ पट येते, आणि प्रकाशवक्रातून आलेली त्रिज्या ०.२५. तारा हद्दीला टेकलेला आहे, पेरूसारखा ताणला गेलेला. दोन स्वतंत्र मार्ग एका जागी येऊन भेटले.

नंतरची मापं

२०१२ मध्ये माउंट विल्सनवरच्या चारा या व्यतिकरणमापकानं, म्हणजे शेकडो मीटर पसरलेल्या सहा दुर्बिणी जोडून, अलगोलचे तिन्ही तारे वेगवेगळे पाहिले. दोन जवळच्या ताऱ्यांतलं अंतर आपल्याला विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हजाराव्या भागाच्या जेमतेम दुप्पट दिसतं. तिथून वस्तुमानं आली ३.१७, ०.७० आणि तिसऱ्या ताऱ्याचं १.७६, त्रिज्या २.७३, ३.४८ आणि १.७३. थंड तारा चित्रात खरोखर लांबट दिसतो. २०१५ मध्ये तिन्ही ताऱ्यांचे वर्णपट गणितानं सुटे करून केलेल्या अभ्यासात ३.३९, ०.७७ आणि १.५८ हे आकडे आले, आणि ०.७७ मधली अनिश्चितता एक टक्क्याच्या घरातली. मला हा शेवटचा संच जास्त भरवशाचा वाटतो, कारण यात तिसऱ्या ताऱ्याचा लबाड वाटा वर्णपटातच वेगळा केलेला आहे. ३.१७ आणि ३.७ यांतल्या फरकानं बिचकू नये. दोन्ही मापांचे अनिश्चिततेचे पट्टे ०.२ ते ०.३ इतके रुंद होते.

या आकड्यांनी एक कोडंही उभं केलं. जड तारा लवकर म्हातारा होतो, हा नियम. इथे ०.८ चा तारा फुगून म्हातारा झालेला आणि साडेतीनचा अजून तरणाबांड. १९५० च्या दशकात उत्तर सुचलं ते असं की आज जो हलका आहे तोच एके काळी जड होता. फुगला, हद्द ओलांडली, आणि आपला बहुतेक माल जोडीदाराला देऊन बसला. ययातीनंही आपलं म्हातारपण पोराला देऊन तारुण्य उसनं घेतलं होतं. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

याच देवघेवीमुळे अलगोलचे तारे ‘नमुन्याचे’ तारे नाहीत. एकट्यानं वाढलेला तारा कसा असतो हे तपासायचं तर एकमेकांना न शिवलेल्या जोड्या हव्यात. २०१० मध्ये अशा ९५ युग्मताऱ्यांची यादी झाली, ज्यांची वस्तुमानं आणि त्रिज्या तीन टक्क्यांच्या आत ठाऊक आहेत. मालाची देवघेव करणाऱ्या जोड्या त्यात मुळात घेतलेल्याच नाहीत, म्हणून अलगोलही नाही.

कुणाला ग्रहण स्वतः पाहायचं असेल तर एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. अलगोलचा फेरा तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटांनी कमी आहे. म्हणजे आज ग्रहणाचा मध्य रात्री साडेबाराला पडला तर तीन रात्रींनी तो नऊ-वीसच्या सुमारास येईल आणि त्यानंतरच्या खेपेला सहा-दहाला, आपल्याकडे सूर्य नुकता मावळलेला असताना. साडेबाराच्या ग्रहणाला सातपासून बसावं लागतं आणि पुरं बघायचं तर पहाटे पाचपर्यंत जागावं लागतं. नऊ-वीसचं बेतशीर: अंधार पडतो तेव्हा उतरण सुरू असते, मध्य गाठायला रात्र कोवळीच असते आणि अडीचच्या आत तारा पूर्ववत होतो. सहा-दहाच्या खेपेला तळ हुकतो, पण सात ते अकरा या वेळात दर अर्ध्या तासानं नोंद केली तर चढण छान मिळते. तुलनेला आल्फा त्रिकोण, एप्सिलॉन ययाती, अलमाक. ऱ्हो नको.